टाके निघाल्यानंतरचा हात

आमच्या आपांच्या उजव्या हाताची दोन बोटे या वर्षी रमजान ईदनंतर चौथ्या दिवशी कापली गेली. कारण अगदी साधे. पाहुण्यांचे सरबताचे ग्लास धुवायला पडले होते. आपा एका ग्लासात हात घालून तो आतून घासत होत्या. ग्लासला आधीच बारीक तडा होता, तो हातातच फुटला. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने. जखम इंचभराचीसुद्धा नव्हती. रक्त थांबले तेव्हा घरात सगळ्यांना हायसे वाटले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी टाके घालण्याआधी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल आम्ही आजही त्यांचे उपकार मानतो. ते म्हणाले, "आपा, मूठ मिटून दाखवा." करंगळी मिटली, तिच्या शेजारचे बोट मिटले, कापलेली दोन बोटे तशीच ताठ उभी राहिली. डॉक्टरांनी जखम नुसती बांधली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. नुसती कातडी शिवून त्यांनी घरी पाठवले असते, तर आम्ही त्यांचे आभार मानून परत आलो असतो.

आपा शिवणकाम करतात. घरात दोन मशिनी, एक पायाची आणि एक मोटरची. दूल्हाभाईंची फळांची गाडी आहे, पण पावसाळ्यात ती निम्मा वेळ उभीच असते. दोन्ही मुलींची फी आणि घरभाडे निघते ते आपांच्या सलवार-सूटवर. हातावर पोट असणे हा वाक्प्रचार आम्ही वीस वर्षे वर्गात शिकवत आलो. वाक्यात उपयोग करा, दोन गुण. त्या रात्री ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसलो असताना तो पहिल्यांदा नीट कळला.

ऑपरेशन चांगले झाले. दोन्ही बोटांच्या तुटलेल्या दोऱ्या जोडल्या, तर्जनीच्या एका बाजूचा मज्जातंतूही जोडला. कोपराच्या खालपासून बोटांच्या टोकापर्यंत मागच्या बाजूने प्लास्टर होते. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो, आणि घोळ तिथून सुरू झाला. तो घोळ आमचा आहे, म्हणून या महिन्याचा मजकूर त्याच्यावरच लिहीत आहोत.

घरी सोडताना जो कागद देतात तो इंग्रजीत होता. घरात शिकलेले म्हणून तो आमच्या हाती आला. औषधे कोणती, किती वेळा, ते आम्ही आपांना उर्दूत लिहून दिले. खाली एक ओळ होती: 'ओ.टी. फॉलोअप, चौथा दिवस.' ओ.टी. म्हणजे ऑपरेशन थिएटर, हे कोणालाही माहीत असते. आम्ही म्हटले, ऑपरेशन तर झाले. काही बिघाड झाला तर परत न्यायचे असा याचा अर्थ असणार. बिघाड काही दिसत नव्हता. एसटीने जायला दोन तास, यायला दोन तास, आमची एक रजा, दूल्हाभाईंचा एक दिवस बुडणार. टाके गल्लीतल्या डॉक्टरांकडे काढून घेतले. आपांना आम्ही बजावून सांगितले की हाताला पूर्ण आराम द्या, बोट हलवायचेही नाही. आपांनी धाकट्या भावाचे ऐकले. हातातले कामही त्यांनी दुसरीकडे दिले.

चार आठवड्यांनी सर्जनकडे गेलो. त्यांनी प्लास्टर काढले, हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "थेरपीला किती वेळा आलात?" आम्ही म्हणालो, कसली थेरपी? त्यांनी तो कागद मागितला, त्या ओळीवर बोट ठेवले. ओ.टी. म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार. चौथ्या दिवशी जायचे होते ते तिथे. ते रागावले नाहीत. "सर, तुम्ही शिक्षक ना?" एवढेच म्हणाले.

आपांची बोटे सुजलेली, चकचकीत, अर्धवट वाकलेली होती आणि हलत नव्हती. जोडलेली दोरी तुटली नव्हती, ती आतल्या आत चिकटली होती.

थेरपीची खोली तळमजल्यावर होती. एका टेबलावर गरम पाण्याचे भांडे, प्लास्टिकच्या पांढऱ्या पाट्या, कात्री, वेल्क्रोच्या पट्ट्या, डब्यांत तांदूळ, राजमा, कपड्यांच्या चिमट्यांची माळ. खेळघर वाटावे अशी. थेरपिस्ट पंचविशी-तिशीतली मुलगी. तिने आपांचा हात हातात घेण्याआधी विचारले, "तुम्ही दिवसभर काय काय करता?" आपा म्हणाल्या, शिवते. ती म्हणाली, "शिवताना उजव्या हातात काय असतं? कात्री कोणती वापरता? सुई ओवता कशी? भाकरी थापता की लाटता? केस कोण विंचरतं?" पंधरा मिनिटे नुसते प्रश्न. आम्हाला वाटले ही वेळ घालवते आहे. नंतर कळले की उपचार तिथूनच सुरू झाला होता. या शास्त्राच्या नावातला व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळे त्यात आले, नाडी बांधण्यापासून तसबीह फिरवण्यापर्यंत.

मग तिने सांगितले ते आम्ही जसे समजलो तसे लिहितो. बोटांत बोटे वाकवणारा स्नायूच नाही. स्नायू आहेत कोपराखाली, हाताच्या मांसल भागात. तिथून दोऱ्या निघतात, मनगटातून तळहातात येतात आणि बोटांत अरुंद बोगद्यांतून सरकत टोकापर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा किंवा टेंडन म्हणतात. (आपण मात्र रक्ताची शीर, संवेदनेचा तंतू आणि ही दोरी, तिन्हींना 'नस'च म्हणतो. नस कापली म्हटले की नेमके काय कापले ते डॉक्टरांना विचारावे.) दोरी कापली की सर्जन ती जोडतात, आणि शरीर ती जागा भरून काढते. पण शरीराला दोरी कुठे संपते आणि बोगदा कुठे सुरू होतो हे कळत नाही, ते दोन्ही एकत्र सांधून टाकते.

आपा इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे नेफा शिवताना टीप नाडीवर पडली."

थेरपिस्ट हसली. म्हणाली, "मी हे आता सगळ्या पेशंटना असंच सांगणार."

नाडीवर टीप पडली की नाडी जागेवरच असते, तुटलेलीही नसते, पण ओढली तरी सरकत नाही. टीप पडू नये म्हणून काय करायचे? नाडी थोडी थोडी सरकवत ठेवायची. पहिल्या आठवड्यातच, पट्ट्याच्या आधारात, दर तासाला काही मिलिमीटर. एवढेच करायला चौथ्या दिवशी बोलावले होते. आणि तेही घरच्या घरी मनाने करायचे काम नाही, कारण जोडलेली दोरी सुरुवातीच्या आठवड्यांत फार कच्ची असते. जोर लावला तर तुटते, अजिबात हलवली नाही तर चिकटते. या दोहोंच्या मधली जी बारीक वाट आहे ती दाखवणे हा हाताच्या थेरपिस्टचा पेशा.

बाहेर बाकावर एक तरुण भेटला. त्याचीही बोटाची दोरी जोडलेली होती. पाचव्या आठवड्यात बरे वाटले म्हणून त्याने मोटारसायकल काढली आणि क्लच दाबला. आत काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि बोट पुन्हा ताठ. त्याचे दुसरे ऑपरेशन झाले होते. त्याने घाई केली, आम्ही उशीर केला, बाक एकच.

बोटाच्या या बोगद्याच्या भागाला अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी दोन सैन्यांच्या मधल्या बेवारस पट्टीचे नाव दिले होते. तिथे लगेच दोरी जोडण्याच्या भानगडीत पडू नये, असाच त्या काळचा सल्ला असे. १९६० च्या दशकात हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी वेगळे करून दाखवले. नखाला रबरबँड बांधायचा, पेशंटने बोट स्वतः सरळ करायचे आणि रबराने ते परत वाकवायचे, म्हणजे जोडलेल्या दोरीवर ताण न येता ती सरकत राहते. तेव्हापासून टाक्यांइतकेच महत्त्व टाक्यांनंतरच्या दिवसांना आले. पद्धती पुढे बदलत गेल्या. सगळीकडे रबरबँड आता वापरत नाहीत.

आपल्या देशातला दाखला त्याहून जुना आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले आणि कुष्ठरोगाने आकड्यासारख्या झालेल्या बोटांवर त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या. लुळ्या पडलेल्या स्नायूचे काम दुसऱ्या, धड स्नायूच्या दोरीकडे सोपवायचे, अशी ती शस्त्रक्रिया. पण ज्या दोरीने आजवर एक काम केले, तिला दुसरे काम मेंदूने शिकवावे लागते. ते शिकवणे चाकूने होत नाही. त्याला आठवडे लागतात आणि शेजारी बसून शिकवणारे माणूस लागते.

आमच्या शिक्षकमंडळींना फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा माहीत असते. शाळेला जिचे नाव आहे ती बाई कोण, हे आम्हाला आपांच्या निमित्ताने कळले. कमलाबाई जन्माने अमेरिकन, लग्न करून इथे आल्या, इथल्याच झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्या अमेरिकेला परत जाऊन हे शास्त्र शिकून आल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली. चाळिशीत नवे शिकणारी माणसे आम्हाला आवडतात. आम्ही स्वतः त्याच वयात 'ओ.टी.' ही दोन अक्षरे शिकलो.

आपांचा पहिला प्रश्न मात्र वुजूचा होता. प्लास्टर असताना मोहल्ल्याच्या मौलाना साहेबांनी त्यावर मसह करायला सांगितले होते. आता काढता येणारा पट्टा मिळणार, मग? थेरपिस्टने तिच्या बाजूचे सांगितले. पट्टा व्यायामाला काढायचा, तेव्हा हात धुता येईल, पण तो मांडीवर टेकवून, झटकायचा नाही. सजद्यात तळहातावर भार बारा आठवडे होईपर्यंत नाही, कारण तळहात जमिनीवर दाबला की मनगट आणि बोटे मागे ताणली जातात आणि सगळा ताण जोडावर येतो. "बाकी तुमच्या मौलानांना विचारा," असे तीच म्हणाली. आम्हाला हे बरे वाटले. तिने प्रश्न हसण्यावारी नेला नाही आणि ज्यातले कळत नाही त्यात बोललीही नाही.

तो पट्टा तिने आमच्या डोळ्यांदेखत बनवला. प्लास्टिकची पाटी आपांच्या हाताच्या मापाने कापली, गरम पाण्यात टाकली, मिनिटाभरात ती कणकेसारखी मऊ झाली. टॉवेलने टिपून हातावर बसवली, बोटांनी दाबत आकार दिला, आणि थोड्याच वेळात ती कडक झाली. कडा घासल्या. आपा कारागिराच्या नजरेने बघत होत्या. "माप न घेता शिवतेस," म्हणाल्या.

पुढचे पाच महिने सांगण्यासारखे थोडे आणि करण्यासारखे फार होते. आठवड्यातून दोनदा एसटी. घरी दर तासाला दहा वेळा: बोटांचा आकडा, मग पूर्ण मूठ, मग नुसती मुळातून वाकवून टेबलासारखी. मग बोटाचा मधला भाग दुसऱ्या हाताने धरून फक्त टोक वाकवायचे. ते टोक हलायचे तांदळाच्या दाण्याइतके. व्यायामाचा कागद इंग्रजीत होता. तो आम्ही उर्दूत उतरवला, चित्रेही काढली आणि मशिनीवर चिकटवला. थेरपिस्टने त्याची एक प्रत मागून घेतली. धाकट्या भाचीने मोबाइलवर दर तासाचा गजर लावला. सहा आठवड्यांपूर्वी काहीही उचलायचे नाही, बारा आठवड्यांपूर्वी पाण्याची बादली नाही.

शेजारच्या एक खाला चांगल्या मनाने रोज सांगायच्या की गावाकडे एक हाडवैद्य आहे, तेल लावून एका झटक्यात बोट मोकळे करतो. थेरपिस्टला विचारले तर ती म्हणाली, "ओढून मोकळं होत नाही, तुटतं." खालांना आम्ही नाडीची गोष्ट सांगितली. त्यांना पटली.

तर्जनीच्या बधिरपणाचे निराळे प्रकरण होते. जोडलेला मज्जातंतू साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर वाढतो. बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत पोहोचायला त्याला महिने लागतात, आणि पोहोचल्यावरही सुरुवातीला मेंदूला निरोप चुकीचे येतात. आपांना एकदा तव्याचा चटका कळला नाही. फोड आलेला भाचीने पाहिला. थेरपिस्टने मग स्वयंपाकाचे नियम घालून दिले: गरम भांड्याला आधी डावा हात, आणि नजर बोटावर. नंतर ओळख पटवण्याचा अभ्यास. इतरांना ती तांदूळ, राजमा, नाणी देते. आपांना म्हणाली, तुमच्या चिंध्या घेऊन या. मलमल, खादी, जॉर्जेट, मखमल, साटीन. डोळे मिटून बोट फिरवायचे, काय आहे ते सांगायचे, चुकले की डोळे उघडून बघायचे आणि परत मिटायचे. पहिल्या आठवड्यात मखमल तेवढी ओळखू आली. जॉर्जेट ज्या दिवशी ओळखली त्या दिवशी आपांनी आम्हाला शाळेत फोन केला. वर्ग चालू होता, आम्ही तरी उचलला.

या सगळ्यात आमच्या अम्मींची आठवण झाली. चार वर्षांपूर्वी न्हाणीत पडून त्यांचे मनगट मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर, हात गळ्यात. हाड उत्तम जुळले, पण खांदा धरला तो कायमचा. आजही ओढणी मागे टाकताना त्या दुसऱ्याला हाक मारतात. प्लास्टरमध्ये मनगट बांधलेले असते, खांदा, कोपर आणि बोटे नव्हे. ती रोज हलवायची असतात. हे वाक्य त्या वेळी आम्हाला कोणी सांगितले असेल तर आम्ही ऐकले नाही. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताचे, भाजलेल्या हाताचे, साखरेच्या आजारात धरलेल्या खांद्याचे असेच. त्या प्रत्येकाचे व्यायाम निराळे असतात, म्हणून एकाचा कागद दुसऱ्याने वापरू नये.

पत्ता विचारणारे फोन येतील म्हणून लिहून टाकतो. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आणि अभ्यासक्रम आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. हाजी अलीच्या दर्ग्याला आपण जातो, तिथेच रस्त्याला लागून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची. फिजिओथेरपिस्टही हाताचे काम शिकलेले असतात. मात्र गुडघे-कंबरेचे बघणारा प्रत्येक जण हाताचे बघतो असे नाही, म्हणून स्पष्ट विचारावे. दोन्ही शाखांच्या लोकांची राज्यात परिषद आहे, तिथली नोंदणी विचारायला संकोच करू नये. आणि ऑपरेशन ठरले की त्याच दिवशी सर्जनना विचारावे: थेरपी कोण करणार, कुठे, कितव्या दिवसापासून? उत्तर मराठीत लिहून मागावे.

दूल्हाभाईंना खर्चापेक्षा वेळेचा त्रास झाला, हे खरे सांगायला हवे. सरकारी दवाखान्यात पैसे फारसे लागले नाहीत, एसटीला लागले. एकदा ते वैतागून म्हणाले, बोटं हलवायला एवढ्या लांब? आपांनी उत्तर दिले नाही. नंतर आम्हाला म्हणाल्या, "त्यांचा हात असता तर मी पहिल्याच आठवड्यात नेलं असतं." यातला दोष त्यांनी दूल्हाभाईंना दिला की आम्हाला, हे आम्ही विचारले नाही.

आज आपा पुन्हा मशिनीवर बसतात. तर्जनी जवळजवळ तळहाताला टेकते. मधले बोट दीड बोटाच्या अंतरावर थांबते, त्यापुढे जात नाही. कात्रीच्या दांड्याला थेरपिस्टने जाड फोम गुंडाळून दिला आहे. आपांनी त्यावर खण शिवून चढवला. पूर्वी दिवसाला दोन सूट निघायचे, आता एक निघतो. सुई त्या डाव्या हाताने ओवतात.

सर्जन म्हणतात की चिकटलेली दोरी सोडवण्याचे आणखी एक लहान ऑपरेशन करता येईल, पण ते करायचे तर दुसऱ्या दिवसापासून रोज थेरपी हवी, नाहीतर ती पुन्हा चिकटेल. आपा महिनाभर विचार करत होत्या. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरले आहे, कारण रोज घेऊन जायला तेव्हा आम्ही मोकळे असतो. सर्जनची तारीख अजून मिळायची आहे. थेरपिस्टच्या मात्र आधीच घेऊन ठेवल्या आहेत, पहिले दहा दिवस, सकाळी अकराची वेळ.